फळीवर नको, बसमध्ये हवा

चंद्रपूरकरांना तोंड बांधायला करोनाने शिकवलं नाही. मे महिन्यात पारा ४७ अंशांपलीकडे जातो तेव्हा दुचाकीवरून निघालेली मुलगी डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी चेहरा स्कार्फात गुंडाळते आणि बाप्या माणूस कानावरून घेतलेला दुपट्टा नाकावर ओढतो. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाच्या ट्रकमागून जायची वेळ आली की रुमाल आपोआप वर जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनिशी देशात चौथं आलं होतं. तेव्हा हा रुमाल म्हणजे नखरा नव्हे. शिवाय चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतले हजारो मजूर दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. तोंडाला कापड नसेल तर मिरचीच्या वावरात ठसक्याने जीव नकोसा होतो.

त्यामुळे २०२० च्या मार्चमध्ये ‘तोंड झाकून घ्या’ असा निरोप आला तेव्हा इथली निम्मी माणसं तसंही झाकूनच हिंडत होती. शेजारच्या छत्तीसगडात, कांकेर जिल्ह्यातल्या आदिवासींनी तर झाडाच्या पानांचे मास्क करून बांधले आणि त्यांची छायाचित्रं देशभर फिरली. शहरी लोकांनी त्यांचं कौतुक केलं, थोडी गंमतही केली. पण ऊन अडवणारं, धूळ अडवणारं, मिरचीची धग अडवणारं कापड विषाणूलाही अडवतं का, हे तेव्हा धड कुणालाच ठाऊक नव्हतं. पानाचंच कशाला, खुद्द जागतिक आरोग्य संघटना एप्रिल २०२० पर्यंत निरोगी माणसाने मास्क घालावा असं म्हणायला तयार नव्हती. ५ जून २०२० रोजी तिने सल्ला बदलला आणि तीन थरांचा कापडी मास्क सुचवला.

त्यानंतर ‘मास्कने साथ रोखली’ आणि ‘मास्कचा काडीचा उपयोग नाही’ अशी दोन्ही वाक्यं आपण पुष्कळ ऐकली, दोन्हींना शास्त्राचा दाखला जोडून. उपलब्ध पुरावा एकत्र वाचला तर उत्तर दोन्हींच्या मधलं निघतं: उपयोग होतो, बेताचा होतो, आणि तो बेताचा उपयोगसुद्धा मास्क कोणता, कुणाच्या तोंडावर आणि कुठल्या जागी, यावर ठरतो. आपल्याकडच्या चर्चेत पहिल्या दोन गोष्टी थोड्याफार आल्या. जागेची गोष्ट मात्र राहूनच गेली, आणि जंगलाच्या जिल्ह्यांना नेमकी तीच जास्त लागू पडते.

आधी मास्क करतो काय ते पाहू. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा आणि कापडाच्या धाग्यांमधली फट त्याच्या शेकडोपट मोठी. मग मच्छरदाणीतून वाळू जावी तसा तो जाणारच, असा युक्तिवाद गावोगावच्या पानठेल्यांवर झाला. ऐकायला बिनतोड, पण चुकीचा. एक तर विषाणू सुटा उडत नाही. बोलताना, खोकताना, गाताना तोंडातून जे कण उडतात त्यांत पाणी, क्षार आणि शेंबूड असतो, त्यात तो बसलेला असतो. हे कण एक मायक्रॉनपेक्षा लहान ते शेकडो मायक्रॉन मोठे, सगळ्या मापांचे असतात. दुसरं म्हणजे, गाळणारा मास्क चाळणीसारखा काम करतच नाही. तो बांबूच्या दाट रांजीसारखा असतो. आत शिरलेल्या हवेला असंख्य धाग्यांना वळसे घालत पुढे सरकावं लागतं. मोठा कण जड असल्याने त्याला वळण घेता येत नाही, तो धाग्यावर आदळून चिकटतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू सगळीकडून ढकलत असतात, तो वेडावाकडा भरकटतो आणि भरकटता भरकटता धाग्याला टेकतो. टेकला की अडकला. सर्वांत सहज निसटतात ते मधल्या मापाचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण. म्हणूनच एन-९५ मास्कची परीक्षा याच अवघड मापाच्या कणांवर घेतात, आणि त्यातले ९५ टक्के अडवले तर तो उत्तीर्ण. सर्जिकल आणि एन-९५ मास्कच्या मधल्या थरावर स्थिर विद्युतभारही असतो. तो कणांना ओढून घेतो.

सुती दुपट्ट्यात यातलं फारसं काही नसतं. विणीचा एकच थर, त्यात घामाने ओला. लक्षात घ्या, दुपट्टा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. समोरच्याच्या खोकल्याचे मोठे थेंब तो अडवेल. बारीक कणांसमोर मात्र त्याचा टिकाव लागत नाही.

मास्क कितीही चांगला असला तरी हवा आळशी असते, सोपी वाट शोधते. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहिली की ती गाळणीतून कशाला जाईल? प्रयोगशाळेत ९५ टक्के गाळणारा सर्जिकल मास्क चेहऱ्यावर चढल्यावर त्याहून बराच कमी गाळतो, तो या फटींमुळे. नाकावरची तार दाबून बसवणं हे क्षुल्लक वाटणारं काम आहे, पण निम्मा मास्क त्या तारेत असतो.

आता कुणाच्या तोंडावर, हा प्रश्न. धुळीच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. धूळ बाहेर आहे, मला आत नको, तेव्हा मास्क माझ्यासाठी. विषाणूचा कारखाना मात्र माणसाच्याच घशात असतो. तोंडातून बाहेर पडलेला कण त्या क्षणी ओला आणि मोठा असतो, म्हणजे अडवायला सोपा. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत त्यातलं पाणी उडतं, कण आक्रसतो, हलका होतो आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतो. तो निघतो तिथेच अडवणं सोपं, दुसऱ्याच्या नाकाशी पोहोचल्यावर अडवणं कठीण. करोनाची अडचण अशी की लक्षणं दिसायच्या आधी दोनेक दिवस माणूस विषाणू सोडू लागतो. आपण कारखाना आहोत हे ज्याचं त्यालाच माहीत नसतं. सगळ्यांनीच मास्क घाला, या सल्ल्यामागचं खरं कारण एवढंच होतं.

याच कारणाने झडपेचे मास्क वादात सापडले. खाणीत, सिमेंटच्या कारखान्यात, रस्त्याच्या कामावर असे मास्क सर्रास दिसतात. पुढे प्लास्टिकची गोल चकती, श्वास घेताना ती मिटते, सोडताना उघडते. धुळीसाठी उत्तम, कारण उष्ण श्वास झटकन बाहेर पडतो आणि काम करणं सुसह्य होतं. पण साथीत हाच माणूस आजारी असेल तर त्याचा श्वास न गाळता थेट शेजाऱ्याच्या तोंडावर. केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्र लिहून झडपेचे एन-९५ वापरू नका असं कळवलं, ते त्यामुळेच.

उगमापाशी अडवण्याने किती फरक पडतो, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा करोनाचा नाही, क्षयाचा आहे. क्षय विषाणूने होत नाही, जिवाणूने होतो, पण पसरतो हवेतूनच. आणि गाव असं, की चंद्रपूरच्या माणसाला तिथे परकं वाटू नये: दक्षिण आफ्रिकेतलं एमालाह्लेनी, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्रांचं शहर. तिथल्या रुग्णालयात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे सतरा रुग्ण दाखल होते. त्यांच्या वॉर्डातली हवा नळ्यांतून छपरावरच्या दोन एकसारख्या दालनांत सोडली जायची. प्रत्येक दालनात ९० गिनीपिग. एक दिवस रुग्णांनी सर्जिकल मास्क घालायचा, दुसऱ्या दिवशी नाही. मास्कच्या दिवसांची हवा एका दालनात, बिनमास्कच्या दिवसांची दुसऱ्यात. असे महिने गेले. रुग्ण तेच, वॉर्ड तोच, हवा तीच; बदलला तो एकटा मास्क. बिनमास्कच्या दालनातल्या ९० पैकी ६९ प्राण्यांना लागण झाली, मास्कच्या दालनातल्या ९० पैकी ३६ जणांना. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, करोनाच्या कितीतरी आधी. तेव्हा मास्कवर कुणाचं राजकारण नव्हतं, म्हणूनही त्यावर विश्वास बसतो.

पण गाव म्हणजे वॉर्ड नव्हे आणि माणूस म्हणजे पिंजऱ्यातला प्राणी नव्हे. माणूस मास्क हनुवटीवर ओढतो, चहा पितो, आणि आपल्याकडे तर खर्रा खातो. गडचिरोली-चंद्रपुरात राहून मास्कबद्दल लिहायचं आणि खर्‍याचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला हा माल दाढेखाली असला की माणूस तोंड झाकून बसूच शकत नाही. त्याला थुंकायचं असतं. वर एका पन्नीतला खर्रा चौघांच्या बोटांनी चौघांच्या तोंडात जातो. प्रयोगशाळेतला मास्क आणि गावातला मास्क यांत हा असा फरक पडतो. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा: गावात मास्क वाटले, लोकांनी जमेल तसे घातले, तर गावाची लागण कमी होते का?

याचं उत्तर शोधायची रीत गडचिरोलीला नवी नाही. चातगावजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वापरली. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं शिक्षण गावातल्याच बायांना दिलं तर बाळं वाचतात का, हे पाहायचं होतं. त्यांनी ३९ गावांत ते काम केलं, ४७ गावांत नेहमीचंच चालू राहू दिलं आणि दोन्हीकडचे जन्म-मृत्यू काटेकोर मोजले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशाच्या आशा कार्यक्रमापर्यंत पोहोचलं. या रीतीत नुसतं ‘आम्ही केलं आणि बरं वाटलं’ चालत नाही. न केलेलं गावही शेजारी मोजून ठेवावं लागतं.

ते शेजारचं गाव नसलं की काय होतं, हे १९१८ ने दाखवलं. त्या वर्षी जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईच्या बंदरातून देशात शिरला. पावसाळा संपता संपता आलेल्या त्याच्या दुसऱ्या लाटेने ब्रिटिश हिंदुस्थानात किमान सव्वा कोट माणसं नेली. सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता, आणि आजचे दोन्ही जिल्हे मिळून तेव्हाचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. (गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला.) विरळ वस्ती, जंगल, म्हणून इथे साथ पोहोचणार नाही, हा समज खरं तर तेव्हाच मोडायला हवा होता. त्याच सुमाराला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने जाळीदार कापडाच्या मास्कची सक्ती केली, विरोधात जानेवारी १९१९ मध्ये ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली, दंड झाले, भांडणं झाली. पण त्या मास्कने लागण किती कमी झाली हे आजही छातीठोक सांगता येत नाही. सक्ती झाली तोवर लाट ओसरायला लागली होती, आणि तुलनेला धरून ठेवलेलं शहर नव्हतं.

करोनाच्या वेळी अशी तुलना मोठ्या प्रमाणावर केली ती बांगलादेशात. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१, सहाशे गावं, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढ. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क वाटले, मशिदीच्या इमामांनी आणि गावच्या पुढाऱ्यांनी स्वतः घालून दाखवले, आणि रस्त्यात बिनमास्कचा माणूस दिसला की स्वयंसेवक त्याला थांबवून मास्क द्यायचा. उरलेल्या निम्म्या गावांत काहीच केलं नाही. मशीद, बाजार, गावात शिरायचा रस्ता आणि चहाच्या टपऱ्या अशा जागी साध्या वेशातली माणसं उभी राहून किती जणांनी नाकतोंड धड झाकलंय ते मोजत होती. लोकांना विचारून मोजलं नाही हे महत्त्वाचं. विचारलं की सगळेच ‘घालतो ना’ म्हणतात.

निकाल काय? मास्क घालणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणं दिसली आणि रक्ततपासणीतही करोना निघाला अशांचं प्रमाण साध्या गावांत ०.७६ टक्के आणि मास्कच्या गावांत ०.६८ टक्के होतं. म्हणजे साधारण ९ ते १० टक्के घट. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटले तिथे ११ टक्के, आणि त्या गावांतल्या साठीपुढच्या माणसांत ३५ टक्के. कापडी मास्कच्या गावांत घट इतकी थोडी होती की ती निव्वळ योगायोगाने आली असेल ही शक्यता नाकारता आली नाही. मास्क घातला की माणूस बेफिकीर होतो, अंतर पाळत नाही, ही भीतीही खोटी ठरली. उलट अंतर ठेवणारे थोडे वाढले.

दहा टक्के ऐकून कुणाचा हिरमोड होईल. पण ही घट सगळ्यांनी मास्क घातल्याची नाही, शंभरातल्या आणखी एकोणतीस माणसांनी घातल्याची आहे. उरलेले अठ्ठावन्न तसेच होते. सगळ्यांनी घातला असता तर किती झाली असती, ते या प्रयोगातून निघत नाही आणि कुणी तसं ठोकून सांगत असेल तर सावध राहावं. दुसऱ्या बाजूने टीकाही झाली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. आपल्या गावाला मास्क मिळालेत हे लोकांना दिसत होतं, त्यामुळे लक्षणं सांगण्यात आणि रक्त द्यायला तयार होण्यात फरक पडला असू शकतो. प्रत्यक्ष रुग्णांचे आकडेही दोन्ही बाजूंना फार लांबचे नाहीत. मला हा प्रयोग पटतो तो एका आकड्यामुळे नाही. चांगल्या मास्कने जास्त फरक, साध्याने कमी, आणि आजाराला आधी बळी पडणाऱ्या म्हाताऱ्यांत सर्वांत जास्त, ही उतरंड प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी जुळते. त्या संशोधकांचा कापडी मास्क ३७ टक्के कण गाळत होता. सर्जिकल मास्क ९५ टक्के, आणि साबणाने दहा वेळा धुतल्यावरही ७६ टक्के. आपल्याकडे सर्जिकल मास्क एकदा वापरून फेकायचा आणि कापडी धुऊन वापरायचा असं सांगितलं गेलं. गरिबाच्या खिशाचा विचार केला तर धुतलेला सर्जिकलसुद्धा नव्या कापडीपेक्षा सरस होता, ही माहिती बचत गटांपर्यंत पोहोचायला हवी होती. त्या बायांनी रात्रंदिवस शिलाई मशीन चालवून मास्क शिवले. त्यांच्या कष्टात खोट नव्हती, कापडात होती.

उलट बाजूने नेहमी पुढे केले जाणारे दोन दाखले आहेत. पहिला डेन्मार्कमधल्या प्रयोगाचा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये सुमारे सहा हजार माणसांवर तो झाला. मास्क घालायला सांगितलेल्यांत १.८ टक्क्यांना आणि इतरांत २.१ टक्क्यांना लागण झाली. फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. पण तिथे फक्त घालणाऱ्याचं रक्षण मोजलं होतं, त्याच्यामुळे इतर किती वाचले ते नाही. त्या काळात डेन्मार्कमध्ये बाकी कुणी मास्क घालतही नव्हतं. दुसरा दाखला कोक्रेन या संस्थेच्या जानेवारी २०२३ च्या आढाव्याचा. अनेक प्रयोग एकत्र करून त्यात म्हटलं की मास्कने फारसा फरक दिसत नाही. मथळे आले: ‘मास्क निरुपयोगी, शास्त्रज्ञांचा निर्वाळा’. मग संस्थेच्या मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांना मार्चमध्ये खुलासा करावा लागला. मास्क चालत नाहीत असं सिद्ध झाल्याचा अर्थ काढणं चुकीचं आहे, पुरावा निष्कर्षाला पुरेसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे २०२४ मध्ये नॉर्वेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४,६४७ माणसं, दोन आठवडे. सार्वजनिक जागी सर्जिकल मास्क घालणाऱ्यांत सर्दी-खोकल्याची लक्षणं सांगणारे ८.९ टक्के, न घालणाऱ्यांत १२.२ टक्के. लक्षणं माणसांनी स्वतः सांगितलेली, तेव्हा हाही निर्विवाद नाही. सगळं मिळून पुन्हा तेच: बेताचा, पण खरा फायदा.

आणि आता जागा.

गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला ७४ माणसं. महाराष्ट्राची सरासरी ३६५. नकाशावर पाहिलं तर इथे कुणाचा श्वास कुणाला लागूच नये. पण विषाणू नकाशा वाचत नाही, तो खोली वाचतो. मे महिन्यातला एक दिवस घ्या. पहाटे बाया-माणसं तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. हाताच्या अंतरावर कुणी नाही, डोक्यावर आकाश. इथे मास्कचा उपयोग जवळपास शून्य आणि त्रास पूर्ण. दुपारी घरात सगळं कुटुंब गोल बसून पानं जुळवून पुडे बांधतं. इथे धोका खरा, पण घरात कोण मास्क घालणार? कवेलूचं छप्पर आणि कुडाच्या भिंती असतील तर निदान हवा खेळती राहते. संध्याकाळी फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायच्या केंद्रावर, पुडे मोजून द्यायला रांग लागते: उघडं मैदान, गर्दी, आरडाओरडा. धोका आहे, पण वारा त्याला पातळ करतो. आणि परतताना तीच माणसं पिकअपमध्ये किंवा काळीपिवळीत दाटीवाटीने बसतात. दिवसभरातला मास्क घालायचा अर्धा-पाऊण तास कोणता असेल तर हा. त्यातही पाऊस लागून पडदे खाली ओढलेले असतील तर नक्कीच.

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्लीवरून सिरोंचाला जाणारी एसटी सुमारे दोनशे किलोमीटर कापते. इतक्या तासांत एका खोकणाऱ्या माणसाचे कण गाडीभर पसरतात. कुणी दोन बाकं सोडून बसला तर मोठ्या थेंबांपासून वाचेल, तरंगणाऱ्या कणांपासून नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका समूहगायन मंडळाने बंद सभागृहात अडीच तास तालीम केली. ६१ जण होते, एकाला बारीक सर्दी होती. ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. मोठ्याने गाताना शांत श्वासापेक्षा कितीतरी जास्त कण उडतात. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांना हे कामाला येईल. रात्रभर खड्या आवाजात गाणारा नट उघड्या मंडपात असतो, प्रेक्षक दूर असतात. जास्त जोखीम मला कंपनीच्या गाडीत दिसते, जिथे खिडक्या लावून सगळा ताफा पुढच्या मुक्कामापर्यंत झोपतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट इथे कामाची आहे, ती म्हणजे कूलर. खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर सतत बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर आतली बाहेर काढतो. साथीत याहून चांगली सोय नाही. तोच कूलर खोलीच्या मध्ये ठेवून दारं लावली, किंवा एसी लावला, की तीच हवा फिरत राहते. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये मास्क किती लागेल हे बरंचसं या एका गोष्टीवर ठरतं.

हे सगळं मे २०२० मध्ये, दोन्ही जिल्ह्यांत पहिले रुग्ण सापडले तेव्हा, इतकं स्पष्ट नव्हतं. त्यासाठी कुणाला दोष देता येत नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये, चंद्रपुरात रुग्णांना खाटा मिळत नव्हत्या तेव्हा, ते बऱ्यापैकी कळलेलं होतं. तरीही दंडाच्या पावत्या फाटत होत्या त्या भर उन्हात, उघड्या चौकात, एकट्या दुचाकीस्वाराच्या. राज्यात मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी उठली, आणि दुसऱ्या दिवसापासून बंद खोल्यांतलेही मास्क गेले. मोकळ्या जागी उगाच सोसायला लावलं की जिथे खरंच लागतो तिथेही लोक तो काढून टाकतात. बांगलादेशातही मोबाइलवरचे निरोप, गावाला बक्षीस, जाहीर शपथ असले उपाय करून पाहिले होते. त्यांनी मास्क घालणारे वाढले नाहीत. वाढले ते घरी आणून दिलेल्या मास्कने आणि तोंडावर थांबवून सांगणाऱ्या माणसाने. तसा माणूस आपल्याकडे प्रत्येक गावात आहे: आशा. तिच्या हातात सर्वेक्षणाचे कागद दिले, तसे पुरेसे सर्जिकल मास्क दिले असते तर?

करोना आता बातम्यांत नाही. इन्फ्लुएन्झा दर पावसाळ्यात येतो, सिकलसेलच्या रुग्णाला, म्हाताऱ्याला, गरोदर बाईला साधा तापही जड जातो, आणि क्षय तर इथून कधी गेलाच नव्हता. त्यांच्यासाठी एमालाह्लेनीचा धडा लागू होतो. उपकेंद्रात खोकत आलेल्या माणसाला नाव लिहून घ्यायच्या आधी एक सर्जिकल मास्क द्यावा, आत बाकावर बसवण्याऐवजी बाहेर झाडाखाली बसवावं आणि नंबर आला की हाक मारावी. मास्क एकच शिल्लक असेल तर नर्सने तो स्वतःला न ठेवता खोकणाऱ्याच्या तोंडावर चढवावा, नाकावरची तार दाबून. क्षयाचं निदान झालं आणि औषध लागू पडलं की पहिल्या काही आठवड्यांतच रुग्णापासून लागण व्हायची शक्यता झपाट्याने उतरते; घरात मास्क घालून, उघड्या खिडकीशी किंवा अंगणात झोपायचं ते तेवढ्या काळापुरतं. उन्हाळा असेल तर अंगणात झोपायला इथे कुणाला सांगावंही लागत नाही. पावसाळ्यातच अडचण असते.